गोड्या पाण्याचे खाजाभाई

मांजरा नदीच्या फरशीवर, म्हणजे पाण्यालगतच्या ठेंगण्या पुलावर, आमची गाडी रोज बिघडायची. जुनी गाडी तर बिघडायचीच, पण ती मोडीत काढून कोरी करकरीत गाडी दिली, तर तीही पहिल्याच दिवशी तिथंच बिघडली. येरमाळ्याचा चढ न कुरकुरता चढणारी गाडी नदीवर आली की एक उचकी द्यायची आणि गप्प बसायची. मग खाजाभाई ड्रायव्हर खाली उतरायचे, बोनेट उघडून ठेवायचे, आत इंजिन आहे की कुणी चोरून नेलं एवढंसुद्धा न बघता सीटमागची बांबूची काठी काढायचे आणि पाण्याकडं चालू लागायचे. जाता जाता मला सांगायचे, "मास्तर, लोकांला सांगा, इंजिन तापलंय." माघातल्या सकाळी, खिडकीबाहेर काढलेला हात गारठून गळून पडेल अशा थंडीत आमचं इंजिन तापायचं.

मी त्या गाडीवर कंडक्टर होतो. निजामाचं राज्य जाऊन मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, त्या सुमारास मी नोकरीला लागलो. आमच्या घराण्यानं सात पिढ्या मेंढरं मोजली. मी माणसं मोजायला लागलो. फरक एवढाच, की मेंढरं खिडकीजवळची जागा मागत नाहीत. खाजाभाई मात्र निजामाच्या अमलापासून स्टिअरिंगवर बसलेले. उंच, सडपातळ, मेंदीनं रंगवलेली दाढी, आणि खाकी सदऱ्याच्या खिशाला दोन गळ कायमचे टोचलेले. त्या गळांपायी त्यांना कुणी मिठी मारत नसे. ईदेच्या दिवशीसुद्धा लोक लांबूनच हात मिळवायचे.

येरमाळ्याहून दुपारी निघायचं, कळंब घ्यायचं, पुढं फरशी ओलांडून नदीपलीकडच्या एका खेड्यात मुक्काम करायचा आणि उजाडताच परत कळंबला यायचं, अशी आमची फेरी. म्हणजे फरशी दिवसातून दोनदा लागायची आणि इंजिनही दोनदा तापायचं. लोकांचा बोभाटा होत नसे. कारण गाडी थांबली की खाजाभाईंचं शास्त्र सुरू व्हायचं, आणि ते ऐकायला माणसं आपणहून खाली उतरायची.

पहिला नियम पायांचा. बोलायचं तेवढं बोला, पण पाय आपटू नका. तोंडातला आवाज पाण्यात फारसा जात नाही, पण जमिनीतली धमक माशाला आधी कळते. दुसरा नियम सावलीचा. तोंड उन्हाकडं ठेवा, म्हणजे सावली पाठीमागं पडते. पाण्यावर सावली हलली की मासा मुलूख सोडून जातो. तिसरा जागेचा, आणि हा त्यांच्याच तोंडून ऐकावा असा. "मासा म्हंजे सरकारी नोकर," ते म्हणायचे. "धारंत राबायला जात न्हाय आन् डोहात उपाशी मरत न्हाय. धार जिथं संथ पाण्याला मिळती, तिथं दगडाआड बसतो. वरून येईल ते खातो." आणि हे ते भर फरशीवर गाडी उभी करून, सरकारी कपड्यांत सांगायचे.

पाणी गढूळ असेल तर गांडूळ लावायचं, कारण वाम आणि शिंगटा हे तळाचे मासे हुंगून खातात. पाणी निवळलं की ज्वारीच्या पिठाची गोळी, पुरीच्या कणकेहून घट्ट मळलेली, नाहीतर गळ पाण्यात आणि गोळी माशाच्या पोटात. मरळीला मात्र जिवंत बेडकी. गळ हलला की लगेच ओढायचं नाही. पहिला टोचा पाहुण्याचा, नुसता चाखून बघणाऱ्याचा; दुसरा भुकेल्याचा. "पयल्याला वढलं तं पाव्हणा बी जातो आन् जेवण बी जातं."

हा उपदेश माणूस बघून व्हायचा असं नाही. एकदा एक नवी नवरी सासरी निघाली होती. येरमाळ्यापासून जी रडत आली होती ती कळंब आलं तरी थांबेना. खाजाभाईंनी गाडी चालवता चालवता मान न वळवता तिला सांगितलं की बेटी, शिंगट्याला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन बाजूंना. त्याला शेपटीकडून धरलं तर तो टोचतो आणि हात कोपरापर्यंत ठणकतो. डोक्यामागून, काट्यांच्या बेचक्यात बोटं घालून गच्च धरायचा, मग तो काही करत नाही. पोरीनं डोळे पुसले आणि मन लावून ऐकलं. माझा अंदाज आहे की तिच्या डोळ्यांपुढं सासू होती.

आता या माणसाचा एक मोठा दोष सांगतो. ते माशाबद्दल खोटं बोलत नसत. डेपोला ते बिनदिक्कत खोटं सांगायचे, इंजिनावर तर त्यांनी जन्मभर आळ घेतला. पण मासा वीतभर निघाला तर वीतभरच सांगायचे. मासेमाऱ्याच्या जातीला हा कलंकच. शेवटी ती बाजू मला सांभाळावी लागली. ते दोन बोटांनी माप दाखवायचे, मी दोन्ही हात पसरायचो. येरमाळ्याच्या हॉटेलात मी सांगितलेली ती मरळ अजून लोकांच्या लक्षात आहे. खाजाभाईंनी गळाची दोरी गाडीच्या बंपरला बांधली होती आणि मरळीनं गाडी दोन हात मागं ओढत नेली. हँडब्रेक ओढलेला होता म्हणून निभावलं, नाहीतर आज ती गाडी मांजरेच्या तळाशी बेडकांना तिकिटं फाडत बसली असती. खाजाभाई शेजारच्या बाकावर बसून हे ऐकायचे आणि शेवटी शांतपणे म्हणायचे, "मास्तर, मरळ कुठली, बोटाएवढी खवली होती ती." असा माणूस जवळ असला की कलावंताचं जिणं कठीण होतं.

एकदा तपासणीचे साहेब जीप घेऊन थेट फरशीवरच आले. बोनेट उघडं, गाडी रिकामी, लोक झाडाखाली आणि ड्रायव्हर गुडघाभर पाण्यात. खाजाभाईंनी तिथूनच सांगितलं की इंजिन तापलंय. साहेबांनी इंजिनावर हात ठेवला. ते देवळातल्या पिंडीसारखं गार होतं. साहेबांचा आवाज चढायला आणि गळाची दोरी ताणायला एकच गाठ पडली. खाजाभाईंचा पाय चिखलात रुतलेला, त्यांनी काठी तशीच साहेबांपुढं केली आणि जरा धरा म्हणाले. साहेबांनी धरली. पुढचा सगळा वेळ साहेब पँट दुमडून दगडावर उकिडवे बसलेले होते आणि खाजाभाई त्यांना पहिला टोचा आणि दुसरा टोचा समजावत होते. जाताना साहेब तोंडी हुकूम देऊन गेले, की या फरशीवर इंजिन पुरतं निवल्याशिवाय गाडी हलवू नये. त्यांच्या जीपचं इंजिनही त्यानंतर बरेचदा तापलं.

एवढा नदीचा राजा, पण घरी त्याचा एक घास खपत नव्हता. त्यांच्या पत्नी जैनबभाभी कोकणातल्या, खाडीकाठच्या. त्यांचे वडील सोलापुरात कामाला होते, त्या ओळखीतून हे लग्न जमलं. समुद्राच्या माशावर वाढलेली बाई कळंबात आली आणि पहिल्याच दिवशी नवऱ्यानं हौसेनं आणलेली मरळ हुंगून म्हणाली, "याला मातीचा वास येतो." तिथून पुढं त्यांनी नदीच्या माशाला तोंड लावलं नाही. रांधून द्यायच्या, तेही उत्तम. कोकणातून आणलेलं आमसूल घालायच्या, मला आग्रहानं वाढायच्या, आणि स्वतः भाकरीबरोबर वरण खायच्या.

हे खाजाभाईंच्या जिव्हारी लागलेलं होतं. मातीचा वास घालवायचे जेवढे उपाय माणसाला ठाऊक आहेत तेवढे त्यांनी केले. मासा धरला की तिथल्या तिथं रक्त काढायचं. चिखलातला मासा रांजणात, विहिरीच्या पाण्यात दोन दिवस जिवंत ठेवायचा, म्हणजे पोटातली माती निघून जाते. मग राख, मीठ आणि चिंच चोळून धुवायचा. त्यांच्या घरातले रांजण माशांनी भरलेले असायचे आणि प्यायला पाणी शेजारून आणावं लागायचं. मासा अत्तरासारखा व्हायचा. भाभी ताटाजवळ यायच्या, हुंगायच्या आणि म्हणायच्या, "थोडा येतो." हे जे 'थोडा' होतं ना, त्याच्यावर हा माणूस वर्षानुवर्षं जगला.

एका उन्हाळ्यात ते रजा काढून सासुरवाडीला गेले आणि मलाही साक्षीदार म्हणून घेऊन गेले. मेव्हण्यांना दाखवायचं होतं की नदीचा माणूस काय चीज असते. सकाळी खाडीवर गेलो. खाजाभाईंनी सावली बघितली, धार बघितली, पाणी कुठून कुठं वाहतं ते नीट निरखलं आणि खडकांवरून आत जाऊन, धार जाते तिकडं तोंड करून गळ टाकला. चपला मागच्या दगडावर, टोपली त्याच्याही मागं. मेव्हणे काठावर विड्या ओढत काहीतरी सांगत होते, पण हे उपदेश करण्यात गुंग. थोड्या वेळानं गळाची तरंगती काडी उलटी त्यांच्याचकडं यायला लागली. त्यांनी ती परत फेकली. ती परत आली. आपल्याकडच्या माणसाला हे सुचणंच शक्य नाही, की वाहतं पाणी मागं फिरेल. मांजरा काय, तेरणा काय, एकदा निघाली की निघाली. त्यांनी वळून बघितलं तेव्हा टोपली कोकणच्या दौऱ्यावर निघाली होती, चपला तिच्या मागोमाग होत्या, आणि ज्या खडकांवरून आले ते खडक पाण्याखाली. शेवटी मेव्हण्यानं होडी घालून त्यांना उचलून आणलं. काठावर भाभी पोट धरून हसत होत्या. खाजाभाई गंभीरपणे म्हणाले, "पाण्याला बी जबान पायजे. सकाळी एक बोलतंय, दुपारी दुसरंच."

पण शिकायला ते कधी लाजले नाहीत. खाडीत भरती लागली की पहिला तास मासा तोंड उघडतो, दोरीला शिसं जड लावावं लागतं, गांडुळापेक्षा कोळंबीचा तुकडा बरा, आणि टोपली नेहमी आपल्यापेक्षा उंच जागी ठेवावी, हे सगळं ते मेव्हण्यांकडून शिकून आले. मग समुद्र ज्यांनी नकाशातसुद्धा बघितला नव्हता, अशा ईटच्या आणि येरमाळ्याच्या शेतकऱ्यांना ते वर्षभर भरती-ओहोटी समजावत होते.

पुढच्या पावसाळ्यात भाभींना मुदतीचा ताप आला. ताप निघाला, पण बाईचं अन्नावरचं मनच उडालं. पेज नको, दूध नको, वरणाचं नाव काढलं की तोंड भिंतीकडं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. डॉक्टरांनी खाजाभाईंना बाजूला घेऊन सांगितलं की दवा माझ्याकडं आहे, भूक माझ्याकडं नाही. पोटात काही गेलं नाही तर अवघड आहे. मरळीचं पातळ कालवण आजाऱ्याला फार चांगलं, पण मुळात त्यांनी खायला हवं. भाभी एकदाच बोलल्या होत्या, की खाडीचं काही असतं तर दोन घास गेले असते. खाडी दोन-तीन दिवसांच्या वाटेवर. बाजारात सुके बोंबील होते, पण ते डॉक्टरांनी साफ बंद केलेले. त्या आठवड्यात खाजाभाईंनी गाडीत कुणालाही एका शब्दाचा उपदेश केला नाही. लोक आपापसात हळू बोलायचे. फरशीवर गाडी थांबली की कुणी इंजिनाचं विचारत नसे.

श्रावणातली सकाळ होती. पूर ओसरला होता, काठाला गवतात संथ पाणी साठलं होतं. खाजाभाई बेडकी लावून काठाकाठानं फिरत होते आणि एका जागी थांबले. आम्ही सगळे मागं उभे होतो. पाण्यावर मूठभर शेंदूर सांडल्यासारखा लालसर ठिपका हलत होता. ती मरळीची पिलं. पिलं तशी वर तरंगतात आणि मरळ त्यांच्याखाली राखण करत उभी असते. त्या ठिपक्यात काहीही पडलं की ती तुटून पडते, भुकेनं नव्हे, रागानं. त्यामुळं त्या दिवसांत मरळ धरणं सगळ्यांत सोपं, आणि खाजाभाईंनी ती त्या दिवसांत कधी धरली नव्हती. बाळंतिणीच्या घरात चोरी करणं म्हणायचे ते त्याला.

खाली मोठं काळं अंग हललेलं आम्हाला सगळ्यांना दिसलं. मी एरवी हात पसरतो, पण त्या दिवशी पसरायची गरज नव्हती. खाजाभाईंनी काठी उचलली. बेडकी ठिपक्याच्या वर आली, थांबली. मग त्यांनी ती हळूच मागं घेतली.

एक बागवान म्हणाला, "चच्चा, माशाचं काय घेऊन बसलाव? घरात माणूस हाय."

"हौ," खाजाभाई म्हणाले. "आन् तिनं विचारलं, कुठून आणली? तं काय सांगू?"

ते तिथंच चिखलात बसले. तेवढ्यात ईटची एक म्हातारी, लेकीकडून परत निघालेली, कमरेवर हात ठेवून पुढं आली. तिनं काठाच्या गवताकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "मरळच पायजे असं देवानं सांगितलंय का? गवतात झिंगं हायती की. पातळ कालवण झिंग्याचं बी व्हतं." आणि लुगडं खोचून ती पाण्यात शिरली सुद्धा.

पुढचं मी सांगतो त्यात वाढवलेलं काही नाही, आणि म्हणूनच त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. अख्खी गाडी पाण्यात उतरली. धोतरं, उपरणी, पदर, टॉवेल, एकानं तर पटका सोडला. म्हातारी सांगत होती तसं, खालच्या अंगाला दोघांनी कापड धरायचं आणि वरच्या अंगाला तिसऱ्यानं पायानं गवत ढवळत यायचं, की मुळातले झिंगे, नदीतली बारकी कोळंबीच ती, धारेबरोबर कापडात येतात. श्रावण असल्यामुळं निम्म्या लोकांनी मासळी सोडलेली. पण खायला बंदी आहे, धरायला कुठं आहे, असा निवाडा पाण्यातच झाला. गळ्यात माळ घातलेले एक बुवा होते. तेही आले, त्यांनी धोतराचं एक टोक धरलं आणि तोंड पलीकडच्या काठाकडं करून उभे राहिले, म्हणजे हातानं मदत होईल आणि डोळ्यांना पाप लागणार नाही. आणि खाजाभाई, ज्यांनी जन्मभर सगळ्यांना शिकवलं, ते म्हातारीनं सांगितलं तिथं मुकाट्यानं गवत ढवळत होते. ओंजळभर झिंगे मिळाले. त्या दिवशी इंजिन फारच तापलं होतं, असं मी डेपोत सांगितलं.

घरी जाऊन खाजाभाईंनी स्वतः चूल पेटवली. मिरची नाही, तेल थेंबभर, आमसुलाचं एक साल. मी त्यांना पढवत होतो, की रत्नागिरीकडून रातोरात मालमोटार आली, बर्फात घातलेली कोळंबी होती, असं सांगा. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगतो, माझा हातखंडा आहे. ते वाटी घेऊन आत गेले. मी दारात उभा राहिलो, जिभेवर खाडी तयार ठेवून.

भाभींनी तोंड वळवून वाटीकडं बघितलं. हुंगलं. "कुठले?"

"नदीचे," खाजाभाई म्हणाले. "फरशीखालचे. मरळ गावली होती, पण लेकरं घेऊन बसली होती. मग हे गाडीतल्या लोकांनी धरले."

मी कपाळाला हात लावला. भाभींनी विचारलं की कोण कोण होतं. खाजाभाई सांगायला लागले. म्हातारी, बागवान, सोडलेला पटका. ते जसं घडलं तसंच, बोटाएवढं बोटाएवढं सांगत होते. माळकरी बुवांचं तोंड पलीकडच्या काठाकडं होतं हे सांगितलं, तेव्हा भाभींच्या घशातून खोकल्यासारखा आवाज आला. तो खोकला नव्हता. हसू फुटलं होतं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, "आणा हिकडं. बुवा पाण्यात उतरलं माज्यासाठी, मला एक घास उतरत न्हाय व्हय?"

पहिला घास तोंडात किती वेळ होता मला सांगता येणार नाही.

"पाण्यात मीठ न्हाय तुमच्या," भाभी म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला.

पुढं मला दुसरी फेरी मिळाली, खाजाभाई नोकरीतून निवृत्त झाले, भेटी तुटल्या. एकदा बदली कंडक्टर म्हणून मला त्या जुन्या वाटेवर पाठवलं. ड्रायव्हर नवा पोरगा होता, घड्याळ बघून गाडी हाकणारा. फरशीवर आलो तर खालच्या दगडावर दोघं बसलेली. काठी भाभींच्या हातात होती, आणि दोरी पार ताणलेली. भाभी उठून उभ्या राहिल्या, काठी वाकली, पाय घसरायला लागले, पण बाईनं काठी सोडली नाही. खाजाभाई मागं होते. ते काठीला हात लावत नव्हते, तोंडानं काही सांगतही नव्हते. दोन्ही टाचा चिखलात रोवून त्यांनी बायकोचा पदर दोन्ही मुठींत गच्च धरला होता. मी घंटीच्या दोरीला हात घातला, पण पोरानं गाडी फरशीपार नेली होती आणि बाभळी आड आल्या.